मोटर घेते किती

सुशीलाताई गजभिये कुठल्याही इमारतीत शिरल्या की आधी तळघराचा रस्ता विचारायच्या. बाकीचे लोक लॉबी बघत, वॉशरूम शोधत. या बाईंना मोटरी बघायच्या असत. एकदा इथे ऑन्टॅरिओत, ब्रॅम्पटनच्या एका मॉलमध्ये लेकीला विंटर जॅकेट घ्यायला गेल्या होत्या. तिथे सरकत्या जिन्याची दुरुस्ती चाललेली दिसली. जॅकेट राहिलं बाजूला, बाई ओणव्या होऊन उघड्या खड्ड्यातल्या मोटरवरची नेमप्लेट वाचायला लागल्या. सिक्युरिटीवाला येईपर्यंत त्यांनी ती निम्मी पाठ केली होती. त्यांची लेक प्राची हा किस्सा सांगताना अजूनही तोंड लपवते.

ब्रॅम्पटनमधल्या एका छोट्या कन्सल्टिंग फर्ममध्ये आम्ही एकत्र होतो. दोन हजार पाच ते आठच्या आसपासची ती वर्षं. इमारतीला वीज किती लागेल, ती गेली तर जनरेटर केवढा बसवायचा, हे आम्ही कागदावर ठरवायचो. ताई डिझाईन करायच्या, मी त्यांची ड्रॉइंग्ज काढायचो. ऑफिसात सगळे त्यांना ‘सू’ म्हणायचे. मला ते कधीच जमलं नाही. मी ताईच म्हणायचो. त्या नागपूरच्या, मी पुण्याचा, त्यामुळे त्या मला नावानं हाक न मारता ‘पुणेकर’ म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी बिनपाण्यानं केली. एका गोदामाच्या ड्रॉइंगवर मी मोटरींची यादी टाकली होती. हॉर्सपॉवरला शून्य पूर्णांक सातशे सेहेचाळीसनं गुणलं, आलेला आकडा केव्हीए, म्हणजे लागणाऱ्या विजेचं माप, म्हणून लिहून टाकला आणि चहा प्यायला उठलो. परत येतो तर बाई माझ्या खुर्चीत.

“हे काय करून राहिला तू?”

मी म्हटलं, हॉर्सपॉवरचं केव्हीए केलं.

“नाही केलं. हॉर्सपॉवर म्हणजे मोटर देते ते. ती घेते किती? ते कुठं लिहिलं?”

मग त्यांनी माझा चहाचा कप उचलला. एक कप चहा हवा असेल तर एकच कप पाणी ठेवतोस का, असं विचारलं. नाही, थोडं जास्त ठेवतो, उकळताना आटतं. तेच मोटरचं. तिच्यातलं थोडं उष्णतेत जातं, म्हणून आधी कार्यक्षमतेनं भागायचं. आणि पातेलं? ते काठोकाठ भरेल एवढंच घेतोस का? चहा वर येतो, त्याला जागा लागते. ती जागा म्हणजे पॉवर फॅक्टर, त्यानंही भागायचं. तेव्हा कुठे केव्हीए निघतं. तुला चहा किती मिळाला याच्याशी शेगडीवाल्याला देणंघेणं नाही, त्याला पातेल्याची जागा करायची असते. एवढं सांगून त्या गेल्या, माझा कप घेऊन.

मला राग आला होता. पुण्यात चार वर्षं इंजिनिअरिंग काढलेल्या माणसाला कुणी पातेलं शिकवावं? पण त्या दिवसापासून हा हिशेब माझा कधी चुकला नाही, हेही खरंच.

इकडे मोटरींना सहाशे व्होल्ट मिळतात. त्या दाबाला गंमत अशी की एक हॉर्सपॉवर म्हणजे साधारण एक अँपिअर आणि साधारण एकच केव्हीए. इथले जुने इलेक्ट्रिशियन हिशेब करतच नाहीत, पन्नासची मोटर म्हणजे पन्नास केव्हीए, संपलं. ताईंना ही सोय मुळीच आवडत नसे. आपल्याकडे दाब कमी, त्यामुळे अँपिअर दीडपट. त्यांच्या हाताला तीच सवय होती. फार सोपं असलं की माणूस बघत नाही, असं त्या म्हणायच्या आणि एकास एक दिसत असूनही पूर्ण भागाकार लिहून काढायच्या. कागदावरच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नसे. प्रत्यक्ष मोटरीपाशी जायचं, गळ्यातल्या स्कार्फच्या टोकानं नेमप्लेट पुसायची, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि टॉर्च धरून एकेक ओळ मोठ्यानं वाचायची. त्यांचे सगळे स्कार्फ एका टोकाला काळे असत.

नागपुरात पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर त्या बरीच वर्षं इंजिनिअर होत्या. इथे आल्यावर त्या अनुभवाला कुणी विचारेना. ब्रॅम्पटनच्या वेअरहाऊसमध्ये उभ्यानं बुटांची खोकी भरायची, बसमध्ये अभ्यास करायचा आणि परीक्षा द्यायच्या, असं करत त्यांनी इथलं लायसन मिळवलं. लायसन मिळालं की शिक्का मिळतो, नाव आणि नंबर असलेला गोल शिक्का. तो ज्या ड्रॉइंगवर पडला त्याची जबाबदारी त्या माणसाची. तो पोस्टानं आला त्या दिवशी मी पेढे मागितले. त्यांनी शिक्का एकदा कोऱ्या कागदावर उठवून बघितला, मग त्या कागदाचे बारीक तुकडे केले. मी विचारलं, फाडला का? काहून म्हणजे काय, म्हणाल्या, माझं नाव असं रिकाम्या कागदावर हिंडलं नाही पाहिजे. पेढे दुसऱ्या दिवशी आले.

भाषण, सत्कार यांपासून त्या चार हात लांब. त्यांच्या मंडळाच्या आंबेडकर जयंतीला मी एकदा गेलो होतो. कम्युनिटी हॉल गच्च भरलेला, पांढऱ्या साड्या, मुलांची नाटुकली. अध्यक्षांनी ताईंना दोन शब्द बोलायला बोलावलं तर बाई स्टेजवर नाहीतच. त्या स्वयंपाकघरात कॉफीचं भांडं कुठल्या प्लगला आणि भाताचा कुकर कुठल्या, याची वाटणी करत होत्या. आदल्या वर्षी ऐन भाषणात ब्रेकर पडून माईक बंद झाला होता, ते त्यांनी मनाला लावून घेतलं होतं.

“आई, नोबडी केअर्स अबाउट द ब्रेकर,” प्राची म्हणाली.

“नाही पडला तर कोन्ही नाही करत,” असं म्हणून ताईंनी तिच्या हातातला टोस्टर काढून घेतला.

लंडनचं काम आलं ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. लंडन म्हणजे आमचं, ऑन्टॅरिओमधलं. तिथे म्हाताऱ्या माणसांचं एक सहा मजली केअर होम बांधून होत आलं होतं. वीज गेली तर दिवे, लिफ्ट, हवा खेळती ठेवणारे पंखे आणि आगीचा पंप हे सगळं जनरेटरवर चालायला हवं. पंपाची मोटर पंच्याहत्तर हॉर्सपॉवरची. ताईंनी गणित केलं, अडीचशे केव्हीएचा जनरेटर सांगितला आणि ड्रॉइंगवर शिक्का मारला. एवढ्या मोठ्या कामावर त्यांचा हा पहिलाच शिक्का. जनरेटर आला, बसला. शहराच्या विजेवर पंप चालवून बघितला, चालला. वीज तोडून जनरेटरवर दिवे, पंखे आणि लिफ्ट चालवून बघितले, तेही चाललं. इन्स्पेक्टरनं पास केलं. आजी-आजोबा राहायलाही आले.

पंप मात्र सगळ्यात शेवटी आला होता. ताईंनी ड्रॉइंगवरून गणित केलं तेव्हा नेमप्लेट पुसायला मोटरच जागेवर नव्हती. ऑक्टोबरात आम्ही किरकोळ राहिलेली कामं बघायला गेलो, तेव्हा सवयीप्रमाणे त्या तळघरात उतरल्या. मी मागे ड्रॉइंगच्या गुंडाळ्या घेऊन. त्यांनी मोटरची पट्टी वाचली, मग शेजारच्या लाल पेटीची. ती पेटी म्हणजे पंपाचा स्टार्टर. वाचता वाचता त्यांचा आवाज थांबला. त्यांनी स्कार्फनं पट्टी पुन्हा पुसली, पुन्हा वाचली.

“पुणेकर, हा डायरेक्ट आहे.”

मला क्षणभर काही कळलं नाही. मग मीही वाकून ती पट्टी वाचली.

मोटर चालू असताना जेवढं घेते त्याच्या सहापट सुरू होताना घेते. म्हणून आपल्याकडे मोठ्या पंपाला स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. तो आधी मोटरला थोडं थोडं देऊन हळू उठवतो, वेग आला की पूर्ण वीज देतो. त्यानं सुरुवातीची मागणी एक तृतीयांशावर येते. नागपूरच्या पंपहाऊसमध्ये ताईंनी एवढी मोठी मोटर दुसऱ्या कशावर सुरू झालेली कधी पाहिलीच नव्हती. तेव्हा गणितात त्यांच्या हातानं आपोआप एक तृतीयांश लिहिला होता. सुरू होताना दीडशे, बाकीचं नव्वद, झाले दोनशे चाळीस, अडीचशेत बसले. इथे मात्र आगीचा पंप सर्रास एकदम पूर्ण विजेवर सुरू करतात. म्हणजे दीडशे नव्हे, साडेचारशे. भागाकार अगदी अचूक होता, कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर सगळं बरोबर होतं. फक्त मोटर उठते कशी, हे बाईंनी विचारलं नव्हतं.

इतर कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं आणि येणारही नव्हतं. दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या झाल्या होत्या, दोन्ही पास. हे उघडं पडणार ते फक्त एकाच दिवशी, वीज गेलेली असताना आग लागली तर. पंप सुरू व्हायला जाईल, जनरेटर त्या धक्क्यानं बसेल, आणि सहा मजल्यांवर दिवेही नाहीत, पाणीही नाही.

परतीच्या वाटेवर हायवेवर पाऊस होता. ऑफिसात पोचल्यावर त्या सरळ ब्रायनच्या केबिनमध्ये गेल्या. ब्रायन आमचा मालक, वाईट माणूस अजिबात नाही. ताईंना वेअरहाऊसमधून उचलून नोकरी त्यानंच दिली होती. काचेतून मला दोघं दिसत होते. तो आधी हसला, मग उभा राहिला, मग दार लावून घेतलं. नंतर ताईंनी सांगितलं त्याप्रमाणे त्याचं म्हणणं असं की सगळं पास झालेलं आहे. आपण पुढच्या वर्षी सुधारणा म्हणून नवा स्टार्टर सुचवू, कुणाला का ते सांगायची गरज नाही. दोन्ही एकत्र चालवून बघायचा हट्ट धरलास आणि बंद पडलं, तर कागदावर शिक्का तुझा आहे, माझा नाही. तुझं लायसन जाऊ शकतं, सू.

त्यावर ताई म्हणाल्या होत्या, “ब्रायन, दे आर ओल्ड पीपल. दे कान्ट वेट टिल नेक्स्ट इयर.”

मला हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी वैतागलो. म्हटलं, ताई, चार महिने गप्प बसा ना. काय आजच आग लागणार आहे? घर तुमच्या एकटीच्या पगारावर चालतंय, प्राचीचं कॉलेज चालू आहे. परत खोकी भरायला जाणार का?

त्या म्हणाल्या, “मला रात्री लंडनचा वेदर फोरकास्ट पाहावा लागून राहिला. असं चार महिने?”

मला त्यांची भीती वाटत होती आणि त्यांच्यासाठीही वाटत होती.

एकत्र चाचणी ठरली. होमच्या मॅनेजर मिसेस कोल यांना ताईंनी स्वतः फोन करून सांगितलं की माझ्या हिशेबाबद्दल मला शंका आहे. चाचणी मग मिसेस कोलनीच मागितली, ब्रायनला फोनचं नंतर कळलं. त्या दिवशी सकाळपासून ताई मजल्या-मजल्यावर फिरत होत्या. लिफ्ट तळाला आणून रिकामी उभी केली. प्रत्येक जिन्याशी टॉर्च घेऊन एक नर्स. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांना ऑक्सिजनचं मशीन होतं, त्यांच्याजवळ सिलिंडर ठेवला आणि तो उघडतो का हे नर्सला तीनदा करून दाखवायला लावलं. नर्स कंटाळली. जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांना पत्ते आणि कॉफी देऊन बसवलं होतं.

मी आणि ताई तळघरात. टोनी नावाचा इलेक्ट्रिशियन स्विचपाशी, ब्रायन भिंतीला टेकून, हात खिशात. ताईंनी मान हलवली. टोनीनं मेन बंद केला.

काळोख झाला. बॅटरीवरचा एक पिवळा दिवा तेवढा पेटला. मग बाहेरून जनरेटर खोकला, धडधडला, आणि सगळ्या ट्यूब पेटल्या. रेडिओवर वरून नर्सेसनी एकेका मजल्याचं ठीक कळवलं. ब्रायननं श्वास सोडलेला मला ऐकू आला. मलाही वाटलं, झालं, निघू या. अगदी त्या क्षणीसुद्धा थांबता आलं असतं.

“आता पंप,” ताई म्हणाल्या.

टोनीनं बटण दाबलं. पंप कण्हला. जनरेटरचा आवाज खाली, आणखी खाली बसत गेला. ट्यूब लाल होऊन मिचमिचल्या आणि विझल्या. लाल पेटीत काहीतरी कडकड कडकड वाजत राहिलं, आत यायला आणि सुटायला लागलं, मोटर फिरेचना. अंधारात ते कडकडणं ऐकत मी उभा होतो. रेडिओवर दोन नर्सेस एकदम बोलत होत्या. कुणीतरी म्हातारं माणूस मागे रडत होतं.

“बंद कर. मेन दे,” ताईंचा आवाज आला. तो अजिबात चढला नव्हता.

दिवे आले. सगळे सुखरूप होते. हॉलमध्ये एका आजीबाईंच्या अंगावर कॉफी सांडली होती, तेवढंच. ताई तळघरातच थांबल्या. मोटरच्या पेटीचं झाकण टोनीकडून उघडून घेतलं आणि टॉर्चनं आतल्या वायरी मोजल्या. सहा निघाल्या. सहा वायरी म्हणजे ही मोटर स्टार-डेल्टावर चालू शकते, जनरेटर बदलायला नको, नुसता स्टार्टर बदलला तरी भागेल. हे कळलं तेव्हा मात्र त्यांनी भिंतीला हात टेकला. तेवढ्या एका वेळी मी त्यांना टेकलेलं पाहिलं.

वर मिसेस कोलच्या खोलीत बैठक झाली. ब्रायननं सुरुवात केली, यंत्रांचा आपापसात मेळ, वेगवेगळे पुरवठादार, अशी गुळगुळीत वाक्यं. मिसेस कोल लिहून घेत होत्या. तो वाईट बोलत नव्हता, आणि दोन मिनिटांत सगळं कुणाचंच नसलेलं झालं असतं.

“इट इज माय मिस्टेक,” ताई म्हणाल्या. “द नंबर इज माइन. आय डिड नॉट आस्क हाऊ इट स्टार्ट्स.”

ब्रायननं पेनचं टोपण लावलं.

त्या आठवड्यातच त्यांनी लायसन देणाऱ्यांनाही आपणहून कळवलं. ते प्रकरण लांबलं आणि अखेर ताकीद देऊन मिटलं, लायसन राहिलं. पण केअर होमच्या मालकांची आणखी दोन कामं आमच्याकडे होती, ती गेली. ख्रिसमसच्या आधी ब्रायननं ताईंना बोलावून घेतलं. या वेळी त्यानं दार लावलं नाही. त्याचे डोळे लाल होते, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांनी टेबल आवरलं, टॉर्च पर्समध्ये टाकला आणि मला म्हणाल्या की नवा स्टार्टर बसला की दोन्ही एकत्रच चालवून पाहा, ते सोडू नको. मी हो म्हटलं. मी त्यांच्यावर अजून चिडलेलो होतो. सगळे नाकासमोर बघून जगतात, या एकट्याच बाईला काय पडलं होतं? आज तो राग मला सापडत नाही. त्यांची आठवण मात्र प्रत्येक मोटरीपाशी येते.

स्टार्टर फेब्रुवारीत बसला. चाचणीचा दिवस मी ताईंना फोनवर सांगितला. त्या तेव्हा एका शाळेच्या किचनमध्ये काम करत होत्या आणि अर्ज पाठवत होत्या. “बरं,” म्हणाल्या आणि प्राचीच्या सर्दीबद्दल बोलायला लागल्या.

चाचणी पाच वाजता होती. मला सहाव्या मजल्यावर उभं केलं होतं, दिवे बघायला. खोलीत एक आजोबा टोस्टला लोणी लावत बसले होते. बाहेर बर्फ पडत होता आणि उजेड सरत आला होता. खिडकीतून समोरचा बसस्टॉप दिसत होता. तिथे एक बाई उभी होती, लांब जॅकेट, डोक्यावरून स्कार्फ. बस आली, दार उघडलं, बाई चढली नाही. बस गेली. ती रस्त्याकडे पाठ करून इमारतीकडे बघत होती. तेव्हा मी ओळखलं. ब्रॅम्पटनहून इथे यायचं म्हणजे ताईंना दोन तरी बस बदलाव्या लागल्या असणार.

रेडिओवर टोनी म्हणाला, मेन ऑफ. अंधार. मग जनरेटर, मग दिवे. मग तो म्हणाला, पंप. मी छतावरच्या ट्यूबकडे बघत राहिलो. उजेड खाली बसला, जरा थांबला आणि पुन्हा पूर्ण वर आला. खालून पंपाची घरघर जिन्यातून ऐकू यायला लागली. आजोबांनी टोस्टचा घास घेतला. त्यांनी मान वर केली नाही.

मी खिडकीशी गेलो. ताईंनी हातमोजा काढला होता. बोटानं त्या खिडक्या मोजत होत्या, एकेक मजला, डावीकडून उजवीकडे, कुठली विझलेली राहिली का ते. बोट वर चढत सहाव्या मजल्यावर आलं, माझ्या खिडकीवर आलं. मी जोरात हात हलवला. बोट पुढच्या खिडकीवर गेलं.